कॉलेजात आपल्यासाठी कोण कोण धावतं? साताऱ्यातल्या विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी जून-जुलैत प्रवेशाची गर्दी ओसरली की हेच प्रश्न पुन्हा येतात. काही विद्यार्थी विचारतात, काही आईवडील. मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो, राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे एनएसएसचं, कामही केलं आहे. त्यामुळे ही उत्तरं शिक्षकाच्या बाजूने लिहिली आहेत. नियम बहुतेक ठिकाणी सारखे असतात. कोणतं काम कोणाच्या गळ्यात पडतं, हे मात्र प्रत्येक कॉलेजात थोडं वेगळं असतं.

‘विद्यार्थी सहभाग’ म्हणजे स्नेहसंमेलन आणि खेळच ना?

तेही आहे, पण एवढंच नाही. वर्गात बसून तास ऐकणं सोडून विद्यार्थी जे जे स्वतः करतो, ते सगळं यात येतं. गावातलं श्रमदान, युवा महोत्सवातलं मूकनाट्य, ग्रंथालयात दोन तास काम करून मिळवलेले पैसे, ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत मांडलेला छोटा प्रकल्प, धाकट्या वर्गातल्या मुलांना शिकवलेलं गणित. याचा शिकण्याशी थेट संबंध आहे, असं माझं ठाम मत आहे. माण तालुक्यात जाऊन सलग समतल चर, म्हणजे उतारावरचं पाणी अडवणारे आडवे चर, खोदलेल्या मुलाला भूगोलातला ‘पाणलोट क्षेत्र’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

यामागे नेमकी कोण माणसं असतात?

बाहेरून पाहणाऱ्याला प्राचार्य दिसतात, फार तर कार्यक्रमाच्या मंचावर बसलेले दोन-तीन प्राध्यापक. प्रत्यक्षात साखळी बरीच लांब आहे.

विद्यापीठाच्या पातळीवर विद्यार्थी विकास विभाग असतो, त्याचे संचालक असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये यासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचा वेगळा विभाग, आजीवन अध्ययन व विस्तार विभाग, क्रीडा विभाग हेही तिथेच. महाविद्यालयात उतरलं की प्रत्येक कामाला एक समन्वयक असतो आणि तो समन्वयक म्हणजे तुमचेच कोणीतरी शिकवणारे सर किंवा मॅडम. सकाळी अर्थशास्त्राचे दोन तास घेतलेले सर दुपारी युवा महोत्सवाच्या प्रवेशिका भरत असतात. यासाठी वेगळा माणूस नेमलेला नसतो, हे लक्षात ठेवा. सर स्टाफरूममध्ये सापडले नाहीत तर तेवढ्यावरून राग धरू नका. ते कुठल्या तरी दुसऱ्या कामात असण्याचीच शक्यता जास्त.

आणखी खाली उतरलं की ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, शारीरिक शिक्षण संचालक म्हणजे आपले जिमखान्याचे सर, वसतिगृहाचे रेक्टर, कार्यालयातले क्लार्क, सभागृहाच्या किल्ल्या सांभाळणारे शिपाई मामा आणि मुलींच्या खोलीजवळ बसणाऱ्या मावशी. यादीत शेवटी येतात म्हणून यांचं काम कमी महत्त्वाचं समजू नका. कार्यक्रमाच्या दिवशी माईक चालू होतो तो मामांमुळे.

आणि या साखळीचा निम्मा भाग म्हणजे विद्यार्थीच. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं नसतील तर एकही उपक्रम आठवडाभर चालणार नाही.

साताऱ्यात हे सगळं कुठून आलं? नवीन शैक्षणिक धोरणामुळे का?

नाही. साताऱ्यात ते शंभर वर्षं जुनं आहे, आणि इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते ठाऊक असायला हवं.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि इथे वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातिधर्मांची मुलं त्या वसतिगृहात एकत्र राहत, एका पंगतीत जेवत, स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंतची कामं आपसात वाटून घेत. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव देण्यात आलं.

त्या बोर्डिंगमागची माणसं कोण होती, असं विचारलं तर भाऊरावांच्या आधी मी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं नाव घेईन. मुलांच्या जेवणासाठी त्यांनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या, त्यामुळे संस्थेचा पुढचा विस्तार त्यांना पाहता आला नाही. आज आपण ज्याला ‘विद्यार्थी साहाय्य’ म्हणतो, ते साताऱ्यात प्रथम एका बाईने स्वयंपाकघरात उभं केलं.

१९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक घडवणारं सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघालं, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द या कॉलेजामुळे महाराष्ट्रभर गेले. फी भरायला पैसे नसलेला मुलगा शेतात, बांधकामावर, संस्थेच्या कामावर राबायचा आणि शिकायचा. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य तुम्ही संस्थेच्या भिंतींवर वाचलं असेल. त्या वाक्यात विद्यार्थी हाच संस्था चालवणाऱ्यांपैकी एक धरला आहे. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, आणि पुढची सगळी उत्तरं याच धाग्यावर आहेत.

आमचं विद्यापीठ कोणतं? कोल्हापूरचं की साताऱ्याचं?

कॉलेजावर अवलंबून आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली बहुतेक महाविद्यालयं १९६२ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. साताऱ्यातलं यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी कॉलेज आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय मिळून २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ, म्हणजे काही महाविद्यालयांचं मिळून बनलेलं विद्यापीठ, झालं. ओळखपत्रावर विद्यापीठाचं नाव छापलेलं असतं. अर्ज करताना तेच लिहा.

एनएसएसचे सर नक्की काय करतात?

त्यांचं खरं पदनाम कार्यक्रम अधिकारी. ते आधी शिक्षक असतात आणि ही जबाबदारी त्यांच्याकडे साधारण तीन वर्षांसाठी येते, गरज पडल्यास एक वर्ष वाढते. एका युनिटमध्ये साधारण शंभर स्वयंसेवक. प्रत्येक स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास काम करणं अपेक्षित असतं. त्याशिवाय एखाद्या दत्तक गावात सात दिवसांचं विशेष श्रमसंस्कार शिबिर.

योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तेव्हा देशातली ३७ विद्यापीठं आणि सुमारे ४०,००० विद्यार्थी त्यात होते. त्यामुळे आज तुम्हाला शिबिराला पाठवताना कुरकुर करणाऱ्या काही आजोबांनीही तरुणपणी हेच शिबिर केलेलं असतं. त्यांना विचारून पाहा.

आता त्या सरांचं काम. शिबिराच्या दोन महिने आधीपासून ते गावात जाऊन सरपंच, ग्रामसेवक, शाळेचे मुख्याध्यापक यांना भेटतात. मुलं कुठे झोपणार, पाणी कुठून येणार, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, टिकाव-फावडी-पाट्या कोण देणार, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती अंतरावर आहे, काम करायची जागा गायरान आहे की कुणाच्या मालकीची, हे सगळं त्यांनाच बघावं लागतं. यातला शेवटचा मुद्दा नवख्यांच्या लक्षात येत नाही. खासगी बांधावर चर खोदला आणि मालकाची लेखी संमती नसली तर तिसऱ्या दिवशी काम थांबतं.

शिबिर संपलं की हिशेब. पावत्या, हजेरीपत्रक, फोटो, अहवाल, विद्यापीठाचा अर्ज. हाताखाली सहायक नसतो. मिळणारा भत्ता अगदी थोडा असतो. ज्यांनी हे काम मनापासून केलं त्यांच्या वर्गातल्या तासांवरही त्याचा परिणाम दिसतो. असे शिक्षक उदाहरण द्यायला पुस्तकाकडे वळत नाहीत, गावाकडे वळतात.

आपल्या जिल्ह्यात या कामाला जागा भरपूर आहे. पूर्वेला माण-खटावचा दुष्काळी पट्टा, पश्चिमेला जावळी, पाटण, महाबळेश्वरचा धो-धो पाऊस. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने २०१६ मध्ये गावांमधल्या जलसंधारणाच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला, तो गावकऱ्यांच्या श्रमदानावर. सांगलीकडे प्रश्न उलटा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि वारणेचा पूर ओसरल्यावर घरांत, शाळांत आणि दुकानांत गाळ राहिला, आणि तो काढायला कॉलेजची मुलंही उतरली होती. अशा वेळी मुलांना कुठे जाऊ द्यायचं आणि कुठे नाही, हे ठरवणारा माणूस म्हणजे हाच कार्यक्रम अधिकारी. बूट, हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन याशिवाय कोणालाही गाळात उतरू देऊ नका, एवढं मी नव्या अधिकाऱ्यांना नेहमी सांगतो. विद्यापीठांच्या मुलांना आपत्ती व्यवस्थापन शिकवणारं ‘आव्हान’ हे राज्यस्तरीय शिबिरही असतं. संधी मिळाली तर जरूर जा.

मुलीला सात दिवस परगावी शिबिराला पाठवायचं. सोबत कोण असतं?

हा प्रश्न आई विचारते, आणि विचारायलाच हवा.

मुली असतील तर महिला प्राध्यापक मुक्कामाला असणं आवश्यक आहे. फक्त दिवसा येऊन जाणं पुरेसं नाही. मुलींची राहण्याची सोय वेगळ्या इमारतीत किंवा निदान वेगळ्या दाराच्या खोलीत असावी. बहुतेक वेळा जिल्हा परिषदेची शाळा मुलींना आणि मंदिराचा सभामंडप मुलांना अशी वाटणी होते. पालकांचं संमतीपत्र घेतलं जातं. त्यावर सही करण्याआधी चार गोष्टी विचारा: मुक्कामाला कोणत्या मॅडम आहेत, त्यांचा फोन नंबर काय, रात्री गाडीची सोय आहे का, आणि मुलीला रोजचं औषध असेल तर ते कोणाला सांगायचं. उत्तर देताना कोणी टाळाटाळ केली तर प्राचार्यांना भेटा. हा तुमचा हक्क आहे, यात संकोच नको.

दिवस साधारण असा जातो. पहाटे प्रार्थना आणि व्यायाम, सकाळी श्रमदान, दुपारी जेवणानंतर बौद्धिक म्हणजे व्याख्यान, संध्याकाळी गटचर्चा किंवा गावात सर्वेक्षण, रात्री मुलांचाच सांस्कृतिक कार्यक्रम. गाव ऐकायला येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुठल्या तरी घरातून भाकरी आणि पिठल्याचं टोपलं येतं, आणि तिथून पुढे मुलांना गावातली माणसं नावाने ओळखू लागतात. घरी कधी ताट न उचललेली मुलं पन्नास जणांची भांडी घासून येतात. आयांनी मला नंतर येऊन सांगितलेली ही गोष्ट आहे.

मेंटर म्हणजे कोण? आमच्या वर्गशिक्षकांपेक्षा वेगळे?

कॉलेजात शाळेसारखे वर्गशिक्षक नसतात. त्याऐवजी प्रत्येक शिक्षकाकडे वीस-पंचवीस किंवा त्याहून जास्त विद्यार्थी दिले जातात. तुमची गैरहजेरी वाढली, निकाल घसरला, घरी अडचण आली तर पहिली विचारपूस करणारा माणूस हाच. प्रवेशानंतरच्या उद्बोधन वर्गात, ज्याला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ असं नाव दिलं, तुमच्या मेंटरचं नाव सांगितलं जातं. त्या दिवशी अनेक जण येतच नाहीत आणि मग वर्षभर आपला मेंटर कोण ते माहीत नसतं. सूचनाफलकावर यादी लागते, तीही पाहा.

एक मोकळेपणाने सांगतो. काही ठिकाणी ही योजना कागदावरच राहते, मेंटर वर्षातून एकदा सही घेतात आणि झालं. तसं असेल तर वाट पाहत बसू नका. ज्या शिक्षकांशी तुम्हाला बोलता येतं त्यांच्याकडे जा. यादीत दुसऱ्याचं नाव आहे म्हणून कोणताही चांगला शिक्षक तुम्हाला परत पाठवणार नाही.

बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. आता पुस्तकं इंग्रजीत आहेत, काही कळत नाही. कोणाला सांगू?

साताऱ्यात, कराडला, विट्याला, जतला मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हा आहे, आणि तो विचारणारी मुलं आवाज खाली करून विचारतात. तसं करण्याचं काही कारण नाही. गावातल्या हुशार मुलाला पहिल्या सत्रात कमी गुण पडतात याचं कारण बऱ्याचदा विषय नसतो, पुस्तकाची भाषा असते.

मदतीचे तीन-चार रस्ते आहेत. पहिला, सेतू वर्ग म्हणजे ब्रिज कोर्स. तो सुरुवातीच्या आठवड्यांत होतो, तेव्हाच हजर राहा. दुसरा, उपचारात्मक वर्ग. चाचणीत कमी गुण मिळालेल्यांसाठी हे घेतले जातात. काही कागदांवर या मुलांना ‘स्लो लर्नर’ लिहितात. मला हा शब्द अजिबात मान्य नाही आणि माझ्या वहीत मी तो लिहीत नाही. पहाटे गोठ्यात दूध काढून, दोन एसटी बदलून वेळेत पोचणाऱ्या मुलीला हा शब्द लावायचा अधिकार कोणाला आहे?

तिसरा रस्ता मला सर्वांत परिणामकारक वाटतो: वरच्या वर्गातली मुलं. तिसऱ्या वर्षाच्या मुलीने पहिल्या वर्षाच्या चार जणींना मराठीतून रासायनिक बंध समजावला की तो बसतो, कारण ती स्वतः दोन वर्षांपूर्वी त्याच जागी अडलेली असते. शिकवणारीचाही फायदा होतो. तिचा पाया पक्का होतो आणि पुढे बी.एड.ला किंवा मुलाखतीला उभं राहायचं धैर्य येतं. यासाठी विभागप्रमुखांनी रिकामी वर्गखोली आणि वेळ दिला की पुरे. तुमच्या विभागात असं काही नसेल तर चार मुलांनी मिळून मागणी करा. एकट्याने मागितलं तर राहून जातं, चौघांनी लेखी दिलं तर सर मनावर घेतात.

चौथी गोष्ट ग्रंथपालांची. मराठीतली संदर्भपुस्तकं, परिभाषा कोश आणि जुन्या प्रश्नपत्रिका कुठल्या कपाटात आहेत हे त्यांना तोंडपाठ असतं. विचारणारेच कमी असतात.

तास चालू असताना ‘सर, मराठीत सांगा’ म्हणायला लाजू नका. बहुतेक शिक्षक तसंही दोन्ही भाषांत शिकवतात. उत्तर इंग्रजीत लिहायचं असेल तर संज्ञा तेवढ्या इंग्रजीत घोटून घ्या, समज मराठीत होऊ द्या.

‘सीएचबीचे सर’ म्हणजे काय? ते पुढच्या वर्षी असतील का?

सीएचबी म्हणजे तासिका तत्त्वावर नेमलेले शिक्षक. घेतलेल्या तासांचं मानधन मिळतं, सुट्टीचं मिळत नाही, आणि नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती असते. दरवर्षी पुन्हा मुलाखत. कायम पदांची भरती वर्षानुवर्षं अपुरी राहिल्यामुळे आपल्याकडच्या कित्येक विभागांत यांच्याशिवाय वेळापत्रकच लागत नाही. यातले अनेक जण नेट-सेट या प्राध्यापक पात्रता परीक्षा पास झालेले, पीएच.डी. केलेले आहेत.

विद्यार्थ्यांसाठी वाढीव वेळ देण्यात हे तरुण शिक्षक सहसा सर्वांत पुढे असतात. पथनाट्य बसवणं, सहलीला जाणं, प्रकल्पाचा मसुदा तपासणं, रात्री दहाला व्हॉट्सॲपवर शंका सोडवणं. या कामाची तासिका कुठेही मोजली जात नाही. मला हे चुकीचं वाटतं आणि संधी मिळेल तिथे मी ते बोलतो. विद्यार्थी सहभाग हा कॉलेजच्या मूल्यांकनात गुण मिळवून देणारा विषय असेल, तर तो घडवणाऱ्याच्या वेळेला मोल असलं पाहिजे.

पुढच्या वर्षी ते असतील का, याचं उत्तर त्यांनाही ठाऊक नसतं. म्हणून त्यांच्याकडे प्रकल्प करत असाल तर नोंदी, माहितीचा साठा आणि मार्गदर्शकांच्या सूचना स्वतःच्या वहीत ठेवा, आणि विभागातल्या एका कायम शिक्षकालाही कल्पना देऊन ठेवा.

‘कमवा आणि शिका’ आजही आहे का? काम काय असतं?

आहे. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, बागकाम, प्रयोगशाळेत मदत, कार्यालयात नोंदी, परिसर स्वच्छता अशी कामं असतात. रोज ठरावीक तास, तासाप्रमाणे पैसे, आणि वर्ग चालू असताना काम नाही. अर्ज प्रवेशानंतर लगेच मागवले जातात, जागा मर्यादित असतात. अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तहसीलमधून तो यायला वेळ जातो, म्हणून दाखल्याचा अर्ज आधीच करून ठेवा.

मित्र काय म्हणतील या विचाराने काही मुलं अर्ज करत नाहीत. ज्या गावात कर्मवीरांच्या बोर्डिंगमधली मुलं स्वतःच्या हाताने राबून शिकली, त्या गावात तरी हातात झाडू घेतल्याची लाज कोणी बाळगू नये. समन्वयकांना मात्र माझी एक विनंती असते: मुलाला तीन वर्षं बागेतच ठेवू नका. एक सत्र बाग, एक सत्र ग्रंथालय, एक सत्र प्रयोगशाळा असं फिरवलं तर पैशाबरोबर कामही शिकून होतं.

युवा महोत्सवासाठी निवड कशी होते? आधीपासून ‘ठरलेली’ मुलंच असतात का?

आधी कॉलेजात चाचणी, मग जिल्हा युवा महोत्सव, मग मध्यवर्ती युवा महोत्सव. तिथे चमकलेली मुलं विद्यापीठातर्फे ‘इंद्रधनुष्य’ या राज्यस्तरीय स्पर्धेला जातात. लोकनृत्य, लघुनाटिका, मूकनाट्य, पथनाट्य, वक्तृत्व, नकला, रांगोळी, शास्त्रीय गायन असे प्रकार असतात.

जुनी मुलं पुन्हा दिसतात, हे खरं आहे, कारण तालमीची सवय त्यांना असते. पण पथनाट्य आणि लोकनृत्याला माणसं नेहमी कमी पडतात. सांस्कृतिक विभागाच्या समन्वयकांकडे ऑगस्टच्या आत नाव द्या आणि पहिल्या वर्षी मिळेल ते काम घ्या, मग ते ढोलकी वाजवण्याचं असो की नेपथ्य उचलण्याचं. तालमी संध्याकाळी होतात. मुलींनी घरी कसं पोचायचं हे आधी ठरवूनच तालमीची वेळ लावा, असं समन्वयकांना स्पष्ट सांगा.

मी रोज एसटीने येतो. शेवटची गाडी साडेपाचला. मग मी भाग कसा घ्यायचा?

हा प्रश्न विद्यार्थ्याचा नाही, नियोजनाचा आहे. परळी खोऱ्यातला, मेढ्याच्या पलीकडचा, किंवा ढेबेवाडीकडचा मुलगा संध्याकाळी सातच्या कार्यक्रमाला थांबू शकत नाही. उपक्रम मधल्या सुट्टीत आणि रिकाम्या तासांत बसवता येतात. शनिवार दुपारही सोयीची. वर्ग प्रतिनिधीमार्फत वेळ बदलून मागा. काही गावांतले विद्यार्थी आणि प्राचार्य मिळून आगाराला पत्र देतात आणि गाडीची वेळ पुढे-मागे होते. पत्रासोबत पासधारक विद्यार्थ्यांची गाववार यादी जोडा, म्हणजे आगारप्रमुखांनाही निर्णय घ्यायला आधार मिळतो.

नव्या धोरणात या सगळ्याचे गुण मिळतात म्हणे?

गुण म्हणण्यापेक्षा श्रेयांक, म्हणजे क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ श्रेयांक लागतात. त्यात क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण म्हणजे ओजेटी आणि सहअभ्यासक्रम यांनाही वाटा आहे. एनएसएस, एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक असे पर्याय सहअभ्यासक्रमात येतात. तुमच्या विद्याशाखेला कोणता पर्याय कोणत्या सत्रात आहे हे परीक्षा विभाग आणि शैक्षणिक समन्वयक सांगतात. मिळालेले श्रेयांक जिथे ऑनलाइन जमा होतात त्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं उघडलं आहे ना, तेवढं तपासा. आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळलं नाही तर पुढे अडचण येते.

तक्रार कोणाकडे करायची?

रॅगिंग असेल तर वाट पाहू नका. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगबंदीचा कायदा आहे. कॉलेजातल्या समितीला सांगा किंवा १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय मदतक्रमांकावर फोन करा. मुलींना त्रास होत असेल तर अंतर्गत तक्रार समिती, तिच्या अध्यक्ष महिलाच असतात. प्रवेश, फी, निकाल, शिष्यवृत्ती, भेदभाव अशा बाबींसाठी विद्यार्थी तक्रार निवारण समिती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार या समितीने कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाता येतं.

तक्रार लेखी द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी सांगितलेली गोष्ट कोणालाच आठवत नाही.

अभिप्रायाचे फॉर्म कोणी वाचतं का?

अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष, म्हणजे आयक्यूएसी, ते गोळा करतो आणि त्याचा गोषवारा काढतो. सगळीकडे ‘उत्तम’वर खूण केलेल्या फॉर्ममधून कोणालाच काही कळत नाही. ‘सर चांगले शिकवतात पण फळ्यावर लिहीत नाहीत, मागच्या बाकांना ऐकू येत नाही’ असं एक वाक्य लिहिलं तर सर ते लक्षात ठेवतात. मी स्वतः अशा वाक्यांमुळे फळ्याचा उपयोग वाढवला.

विद्यार्थी प्रतिनिधीला खरंच काही करता येतं का?

येतं, जर तो कागद घेऊन गेला तर. पाण्याची टाकी, ग्रंथालयाची वेळ, प्रॅक्टिकलच्या बॅचची अदलाबदल, एसटीची वेळ ही कामं प्रतिनिधींनी करून घेतलेली मी पाहिली आहेत.

शिष्यवृत्ती अडली आहे. हा प्रश्न इथे विचारू का?

विचारा, कारण फी थकली की मुलं आधी उपक्रम सोडतात आणि नंतर कॉलेज. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज परत आला असेल तर कार्यालयात शिष्यवृत्ती पाहणारे एक ठरलेले क्लार्क असतात. शेवटच्या तारखेच्या आठवड्यात त्यांच्या टेबलापुढे रांग असते, म्हणून आधी जा. मूळ कागद, दोन झेरॉक्स आणि आधारशी जोडलेल्या बँक खात्याचं पासबुक सोबत न्या. त्या माणसाने वर्षभरात किती मुलांचं शिक्षण वाचवलेलं असतं याची नोंद कुठल्याही अहवालात नसते.

मी माजी विद्यार्थी आहे, पुण्यात नोकरी करतो. मला काही करता येईल का?

देणगी देऊ शकता, पण वेळ दिलात तर जास्त उपयोग होईल. ओजेटीसाठी विद्यार्थ्यांना जागा शोधणं ही आज समन्वयकांची सगळ्यात मोठी डोकेदुखी आहे. तुमच्या कंपनीत, दुकानात, सीएच्या ऑफिसात किंवा कारखान्यात दोन मुलांना काम शिकायला घेता येत असेल तर विभागप्रमुखांना तसं पत्र पाठवा. पत्रात कामाचं स्वरूप, तास, कालावधी आणि देखरेख करणाऱ्याचं नाव असावं. साताऱ्याहून येणाऱ्या मुलीसाठी राहण्याची सोय सुचवता आली तर तेही लिहा. पत्र दिवाळीच्या आधी पोचलं तर पुढच्या सत्राच्या नियोजनात घेता येतं.